बाबू की बापू

दुकान परभणीत, स्टेशन रोडला. एसीच्या गारव्यात
बारा लॅपटॉप उघडे, सगळ्यांवर तेच तळं, तोच बर्फाचा डोंगर.
पोरगा म्हणाला, मावशी, काम काय असतं तुमचं?
म्हटलं, निजामाच्या काळातले कागद वाचते,
उर्दूचं मराठी करते, पानाला दीडशे.
म्हणजे टायपिंग, तो म्हणाला. मग हा घ्या, साधा, पस्तीसचा.

टायपिंग अर्धंच असतं, बाळा.
अर्धं रेकॉर्ड रूममध्ये, फरशीवर मांडी घालून,
लाल रुमालातल्या बस्त्याशी,
जिथं टेबल एकच आणि त्यावर शिपायाचा डबा.
मांडीवर पाटीसारखं धरता आलं पाहिजे.
पानाचा फोटो घेऊन त्याच्यावरच
पेननं खूण करता आली पाहिजे, उजवीकडून डावीकडं.
आणि घरी आल्यावर तेच पुन्हा उभं राहिलं पाहिजे,
बटनं पुढं करून, डावीकडून उजवीकडं.

तेव्हा त्यानं आतलं काढलं.
झाकण मागं नेलं, आणखी मागं.
माझ्या काळजात धस्स झालं,
पुस्तकाची पाठ अशी मोडली की अब्बा रागवायचे.
हे पार उलटं जाऊन पाठीला पाठ लागली
आणि बटनं खालच्या खाली मुकी झाली.
बिजागऱ्या दोन. सगळी भिस्त त्यांच्यावर.
मी पाच-सहा वेळा उघडमीट केली.

आठ जीबी, सोळा जीबी,
गॅरंटी, बिनव्याजी हप्ता, बॅग फुकट.
मी म्हटलं, पेन दे.

लिहिलं: बे, अलिफ, बे, वाव. बाबू.
दुसऱ्या बेखाली टिंब एक.
तिथंच तीन दिली की बापू.
एवढ्यावरून सोनपेठचे दोन चुलतभाऊ
अकरा वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेले नाहीत.
एकाचा आजा बाबू, दुसऱ्याचा बापू,
आणि रकान्यात नाव एकाचंच.

पहिल्या मशीनवर टिंब पडलं ते
अक्षराच्या जरा पलीकडं, सरकून,
बांध ओलांडून दुसऱ्याच्या शेतात.
दुसऱ्यावर नीट उमटलं, पण तळहात टेकला
की पानच उडून जायचं,
आणि हात न टेकता कोण लिहितं?
तिसरं मागच्या सालचं, शोसाठी ठेवलेलं, कोपऱ्यावर चरा,
दीड किलोच्या आत, माझ्या मनगटाला झेपेल असं.
त्यानं टिंब जिथल्या तिथं ठेवलं. हात टेकू दिला.
पोरगा खाली वाकून म्हणाला, खरं सांगू का,
याचा प्रोसेसर जुना आहे.
म्हटलं, माझे कागद फसली तेराशे पंचेचाळीसचे आहेत.

अठ्ठेचाळीस हजार, सहा हप्ते.
बिलावर नाव चुकलं. दुरुस्त करून घेतलं, दोनदा.

सोमवारी रेकॉर्ड रूमला नेलं.
झाकण मागं दुमडलं तसा मुंजाजी
डबा सोडून धावला, ओ आपा, मोडलं की!
नाही रे, ते असंच असतं.
त्यानं एक बोट लावून बघितलं, लोणच्याचं.
तळ्यात पिवळा ठसा.

मग सोनपेठचं पान घेतलं.
दोन बोटं टेकवून फाकवली.
बे परातीएवढी झाली, वाव घागरीएवढा,
खाली एक टिंब ठळक,
आणि त्याच्या शेजारची दोन
शाई असेल, नाहीतर
नव्वद वर्षांपूर्वीच्या एखाद्या माशीचं काम.
आणखी फाकवलं. ठळक होतं तेही फिकं झालं,
कडा गेल्या,
नुसते तपकिरी चौकोन उरले.

चुलतभाऊ दाराशी उभे होते,
एक या चौकटीला, एक त्या.
मी पर्समधून भिंग काढलं
आणि मूळ पान खिडकीपाशी नेलं.